मूल स्वतःला इजा करून घेतंय हे नेमकं कशावरून ओळखायचं?

समुपदेशन_कक्ष

नमस्कार. आठवी ते दहावीच्या वर्गशिक्षकांसाठी आणि पीटीच्या सरांसाठी एक टिपण तयार करते आहे. विषय: मुलामुलींनी स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करून घेणं. हे आत्महत्येच्या प्रयत्नापेक्षा वेगळं, पण त्याच्याशी संबंध नसलेलंही नाही. सुरुवात बहुतेकदा १२ ते १४ या वयात होते. एवढं शिक्षकांना सांगून झालंय. अडचण पुढची आहे.

तयार तक्त्यांमध्ये "चिडचिड, एकलकोंडेपणा, झोप न लागणे, गुण घसरणे" असं छापलेलं असतं. सहामाही जवळ आली की नववीच्या अर्ध्या वर्गाला हे लागू होतं. मग शिक्षक एकतर सगळ्यांवर संशय घेतात, नाहीतर तक्ता कपाटात जातो.

म्हणून विचारते: कोणत्या खुणा खरोखर वेगळ्या काढता येतात, त्यांची गल्लत कशाशी होते, आणि दिसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय बोलावं? घरी कसं कळवावं, हेही लिहा. कशाने आणि कशी इजा केली जाते याचं वर्णन कृपया टाळा. हा धागा मुलंही वाचू शकतात.

किशोर_ओपीडी

ताई, ती यादी बाजूला ठेवताय हे बरोबर करताय. एकेकट्या खुणेवरून काहीच ठरत नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या की थांबून बघायचं: खूण, तिच्याशी न जुळणारं कारण, आणि ती झाकायला बदललेली सवय.

आधी खूण. अपघाताच्या जखमा वेड्यावाकड्या असतात आणि गुडघा, कोपर, तळहात अशा ठिकाणी होतात, कारण पडताना तेच आधी टेकतं. स्वतः केलेल्या खुणा साधारण एकसारख्या आणि एकमेकींच्या शेजारी दिसतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या त्या बहुतेकदा डाव्या हातावर असतात, पण कपड्यांखालीही असू शकतात, म्हणून हात स्वच्छ दिसला की विषय संपला असं समजू नका. सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे खुणांचं वय. एकीवर ताजी खपली, दुसरी गुलाबी, तिसरी पांढुरकी पडलेली. मांजर एकदा ओचकारलं तर सगळे ओरखडे एकाच दिवशीचे असतात.

मग कारण. "मांजराने ओचकारलं", "तारेत अडकलं" ही कारणं खरीही असतात. पण महिन्यात तिसऱ्यांदा तेच कारण, किंवा आपण विचारायच्या आत तयार असलेलं कारण, किंवा आईला एक आणि बाईंना दुसरं सांगितलेलं कारण, हे लक्षात ठेवावं.

आणि सवय. शिक्षकांना खरं तर हीच आधी दिसते. वही तपासून घ्यायला टेबलाशी आलेली मुलगी बाही अंगठ्यापर्यंत ओढून मुठीत धरते. ऑक्टोबरचं ऊन आहे, कपाळावर घाम आहे, पण बाही वर जात नाही. जुलैत भिजून आल्यावर बाकीची मुलं बाह्या दुमडून पिळतात, ही ओली बाही तशीच अंगावर वाळू देते. एकाच मनगटावर अचानक पाच-सहा बँड, रुमाल किंवा रुंद पट्ट्याचं घड्याळ आलं आणि ते हात धुतानाही निघत नाही. आधी कबड्डीत पुढे असणारी आता दर पीटीला "पोट दुखतंय" म्हणून बसते. पूर्ण बाह्या हा एरवी काही पुरावा नाही. कित्येक मुली घरच्या रिवाजामुळे किंवा त्वचा काळवंडू नये म्हणून तशाच घालतात. बदल कधी झाला ते बघायचं. जूनमध्ये अर्ध्या बाह्या होत्या आणि सप्टेंबरपासून पूर्ण झाल्या, तर मध्ये काय घडलं?

मुलग्यांकडे दुर्लक्ष होतं. मुलगा भिंतीवर, दारावर मूठ मारतो, त्याला आपण "राग" म्हणतो. बोटांच्या सांध्यांवर सोललेलं, हाताची मागची बाजू सुजलेली, करंगळीच्या मुळाशी तळहाताचं हाड मोडलेलं, आणि कारण "दारात सापडला". दारात सापडलेल्या हाताला बोटं चेंगरतात, सांधे फुटत नाहीत. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर तेही स्वतःला इजा करून घेणंच आहे.

गल्लत कशाशी होते? वाढीच्या वयात मांड्या, कंबर आणि खांद्यांवर त्वचा ताणून समांतर रेषा पडतात. आधी लालसर, मग पांढऱ्या. त्या अगदी सर्वसामान्य आहेत, आणि पीटीच्या बाईंनी त्यावरून चौकशी केली तर मुलगी उगाच ओशाळते. इसबाचं खाजवणं आणि पुटकुळ्या टोकरणं कोपराच्या खळगीत, चेहऱ्यावर, पाठीवर असतं. नखं खाणं, केस उपटणं यांचे उपचार वेगळे. स्वमग्न मूल डोकं आपटतं त्याचं गणितही वेगळं. आणि एक गल्लत महागात पडते: दुसऱ्या कुणी मारलेल्याच्या खुणा. पाठ, कानामागचा भाग, दंडाची आतली बाजू, बोटांच्या ठशासारखे वळ दिसले तर "तू केलंस का" याऐवजी "हे कुणी केलं" हा प्रश्न आहे.

वर्गशिक्षिका_नववी_ब

वरच्या सगळ्याशी सहमत. वर्गाच्या बाजूने थोडी भर.

शिक्षकाला बहुतेकदा खूण दिसतच नाही, आधी मैत्रीण येते. "बाई, कुणाला सांगू नका हं" अशी सुरुवात होते. तिथेच "नाही सांगणार" असं वचन देऊन टाकलं की पुढे काही करता येत नाही. तिला म्हणावं, "सगळ्यांना नाही सांगणार. पण जिला मदत करता येते अशा एका माणसाला सांगावं लागेल, आणि तुझं नाव मध्ये येणार नाही." मग मैत्रिणीला मोकळं करावं. चौदा वर्षांची मुलगी रात्री दोन वाजता मेसेजला उत्तर देत दुसरीला सांभाळत असते आणि तिचंही काही दिवसांत जेवण-झोप बिघडतं. "आता हे मोठ्यांचं काम आहे, तू फक्त मैत्रीण राहा" हे वाक्य तिला ऐकू येणं गरजेचं आहे.

वह्यांची मागची पानं वाचावीत असं मी म्हणत नाही, पण तपासताना समोर आलंच तर नुसती लाल रेघ मारून पुढे जाऊ नये. "मी सगळ्यांना ओझं आहे", "मला शिक्षा व्हायलाच पाहिजे" अशी वाक्यं मराठीच्या निबंधात सरळ लिहिलेली असतात आणि आपण ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतो.

वेळेकडेही बघा: चाचणीचे गुण घरी दाखवायचा आदला दिवस, ब्रेकअप, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकणं, घरात दारू पिऊन होणारी भांडणं. दुसऱ्या दिवशी मूल गप्प असण्यापेक्षा विचित्र शांत असेल तर जरा जास्त वेळ जवळ थांबावं.

पालकसभा_सचिव

एक थेट प्रश्न. काही शाळांत दर सोमवारी सगळ्यांच्या बाह्या वर करून हात तपासायचा प्रस्ताव आहे, दप्तरंही. पालकांचा पाठिंबा आहे. चूक काय त्यात?

किशोर_ओपीडी

सर, पालकांची भीती समजते. पण हात तपासायला लागलात की खुणा थांबत नाहीत, जागा बदलतात. आज जे मनगटावर आहे आणि निदान कुणाला तरी दिसतंय, ते उद्या न दिसणाऱ्या ठिकाणी जाईल. वर्गासमोर सापडलेल्या मुलाची लाज वाढते, आणि लाज हे तर या चक्राचं इंधन आहे.

हे चक्र समजून घेतलं तर बरंच सोपं होतं. आतला ताण, राग, स्वतःची घृणा असह्य होते. काही मुलांना उलट काहीच जाणवत नाही, सगळं बधिर वाटतं. इजा केल्यावर काही मिनिटं सुटका झाल्यासारखं वाटतं. मेंदू ती सुटका लक्षात ठेवतो. मग लाज, लपवाछपवी, घरच्यांशी अंतर, आणि पुन्हा ताण. म्हणून ओरडून, शपथ घालून, "आईची आण घे" म्हणून हे थांबत नाही. आण मोडली की मूल खोटं बोलायला शिकतं, एवढंच होतं. "लक्ष वेधायला करतात" हेही मनातून काढा, बहुतेक मुलं जिवापाड लपवतात. आणि एखाद्याने खरंच लक्ष वेधायला केलं असेल, तर बोलून मागता आलं नाही म्हणून केलं. ते लक्ष द्यायलाच हवं.

आणखी एक. हे एकाकडून दुसऱ्याकडे पसरतं. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी भाषण, फळ्यावर चित्रं, जखमांचे फोटो असलेलं सादरीकरण, यातलं काही करू नका. वर्गात बोलायचं असेल तर ताण आणि मदत कुठे मिळते यावर बोला.

समुपदेशन_कक्ष

हात-तपासणीचा मुद्दा टिपणात जसाच्या तसा घेते. आता पहिली दहा मिनिटं. शिक्षक विचारतात, "थेट विचारलं आणि तसं नसलं तर मुलाच्या डोक्यात आपणच घालू ना?"

किशोर_ओपीडी

नाही घालत. स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा मरण्याबद्दल शांतपणे विचारल्याने तो विचार रुजत नाही. ज्याच्या मनात आहे त्याला सुटका वाटते. ज्याच्या मनात नाही तो "काहीतरीच काय बाई" म्हणतो आणि विषय संपतो.

विचारायची जागा एकांताची, पण दार उघडं. समोरासमोर खुर्च्या नकोत, शेजारी बसा किंवा पुस्तकांचा गठ्ठा ग्रंथालयात नेताना बरोबर घ्या. वाक्य छोटं ठेवा: "तुझ्या हातावर खुणा दिसल्या. त्या तू स्वतः केल्यास का? मी रागावणार नाहीये." मग गप्प बसा. पंधरा-वीस सेकंदांची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते आणि तो भाषण सुरू करतो; तिथेच संधी जाते. "दाखव बघू" म्हणू नका. रडू नका, कपाळाला हात लावू नका. "का केलंस?" हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो, त्याऐवजी "त्याच्या आधी काय झालं होतं?" विचारा.

हो म्हणालं की पुढचा प्रश्न टाळायचा नाही: "मरून जावं असंही वाटतं का?" उत्तर हो असेल तर "कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?" पद्धत आणि वेळ ठरलेली असेल, वस्तू जमवलेली असेल, जवळच्या चीजा वाटून टाकल्या असतील, निरोपासारखे मेसेज गेले असतील, तर मुलाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, शौचालयातही सोबत, आणि त्याच दिवशी रुग्णालय. मरावंसं वाटत नाही पण इजा वारंवार होते आहे, तर घरच्यांशी त्याच दिवशी बोलणं आणि आठवड्याच्या आत मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. एकदाच झालं असेल तरी नोंद ठेवून पाठपुरावा हवाच. आणि आज "मरायचं नाही" म्हणालेल्या मुलाला पुढच्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, उत्तर बदलतं.

ताजी जखम असेल तर स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. रक्त थांबलं नाही, जखम उघडी दिसली, किंवा बोटं बधिर झाली वा हलत नसतील तर थेट दवाखाना. थांबलं तर वाहत्या पाण्याखाली धुवा. हळद, कॉफीपूड नको. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. भाजलं असेल तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट आणि बर्फ नाही. गोळ्या किंवा कुठलंही औषध-रसायन घेतलं असेल तर "बरा दिसतोय" यावर विसंबू नका. काही औषधांनी यकृतावर झालेला परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, आणि उतारा पहिल्या काही तासांत जास्त चालतो. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. रिकामी पाकिटं बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करा.

बोलायला कुणीतरी हवं असेल तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची "मैत्री" क्लिनिक आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, दोन्ही कमी खर्चात आहेत.

हक्क_आणि_कायदा

पालक "पोलीस केस होईल" म्हणून दवाखान्यात जायचं टाळतात, म्हणून लिहितो. स्वतःला इजा करणाऱ्या मुलावर त्यासाठी गुन्हा होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं कलमच ठेवलेलं नाही. विषबाधा किंवा मोठी जखम असेल तर रुग्णालय मेडिको-लीगल नोंद करतं, पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात. ती नोंद आहे, मुलावरचा खटला नव्हे.

मात्र बोलताना लैंगिक अत्याचार पुढे आला, तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ खाली पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने "आधी आपण चौकशी करू" म्हणत थांबायचं नाही. अशा वेळी घरी कुणाला कळवायचं तेही विचार करूनच, कारण त्रास देणारा घरातलाच असू शकतो.

वसतिगृह_अधीक्षक

लातूरसारख्या ठिकाणी नीटच्या तयारीला आलेली अकरावी-बारावीची मुलं वसतिगृहात राहतात. तिथे ना आई बघते, ना वर्गशिक्षक. आमच्याकडे दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या: स्वतःचे कपडे रात्री एकट्याने धुणं, चादर सारखी बदलणं, रूममेटसमोर शर्ट न बदलणं, न्हाणीघरात नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ, प्रथमोपचार पेटीतली पट्टी-कापूस न सांगता संपणं. सराव परीक्षेच्या निकालाच्या संध्याकाळी मेसमध्ये कोण आलं नाही हे ताटं मोजून कळतं. त्या संध्याकाळी खोल्यांवरून एक चक्कर मारावी, "जेवलास का?" एवढंच विचारत. आणि गच्चीचं दार कुलूपबंद असावं.

किशोर_ओपीडी

ताटं मोजण्याची सूचना फार चांगली आहे.

आता घरी कळवण्याबद्दल. मुलाला न सांगता फोन करू नका. "आईला सांगावं लागेल. तू सांगतेस की आपण दोघी मिळून सांगूया? काय सांगू नये असं वाटतं?" इतका वाव दिला तरी मूल बहुतेक वेळा तयार होतं. पालकांना फोनवर तपशील देऊ नका, बोलवून घ्या. खोलीत आल्याबरोबर ते रडतील किंवा चिडतील, म्हणून पहिली पाच मिनिटं मूल बाहेर असावं. त्यांना तीनच गोष्टी सांगा: आज रात्री मारायचं-ओरडायचं नाही, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवायच्या (शेतीची फवारणीची औषधं असतील तर ती आधी घराबाहेर न्यायची आणि तिथेही कुलपात), आणि डॉक्टरांची वेळ घ्यायची. मोबाइल हिसकावू नका. तिचा एकमेव आधार असलेली मैत्रीण त्यातच असते. रात्री दार नुसतं लोटलेलं ठेवायचं हे तिच्याशी ठरवून, कडी उखडून नव्हे.

इजा करून घ्यायची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा १५ ते ३० मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायला थंड पाण्याने चेहरा धुणं, जिने चढ-उतर करणं, हॉलमध्ये येऊन कुणाशेजारी बसणं. एकच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून तीन-चार आधी ठरवून कागदावर लिहून ठेवायचे. खरा उपचार बोलण्याचा आहे, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीसारखा (तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा), आणि तो काही महिने चालतो. फक्त इजा थांबवणारी गोळी नसते. उदासीनता किंवा चिंता असेल तर त्यासाठी औषध देतात. ते सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवायचं, कारण काही मुलांमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. मध्ये पुन्हा एकदा इजा झाली तर "सगळं पाण्यात गेलं" म्हणू नका. दोन घटनांमधलं अंतर वाढतंय का, ते बघा.

समुपदेशन_कक्ष

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: जानेवारीत गॅदरिंग आहे, नाचाचे कपडे बिनबाह्यांचे. एखादीच्या खुणा जुन्या, पांढऱ्या पडलेल्या असतील तर?

वर्गशिक्षिका_नववी_ब

कपड्यांचं माप घ्यायच्या आधीच सगळ्या गटाला दोन पर्याय द्या, एक पूर्ण बाह्यांचा, आणि कारण विचारू नका. पीटीच्या टी-शर्टलाही तसंच. जुन्या खुणांवरून "अजून करतेस का" असं येता-जाता विचारू नये, पण एकदा एकांतात "आता कसं चाललंय?" विचारायला हरकत नाही. आणि मेकअप करणाऱ्या बाई बाहेरून येणार असतील, तर "हे काय गं?" असं कुणाच्याही हाताबद्दल विचारायचं नाही, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा.